चौथी सुई

तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलमागे वजनकाटा,
काट्याला लागून पत्र्याची केबिन,
केबिनीत वनिता मढवी आणि तिचा प्रिंटर,
नऊ सुयांचा, जुन्या दातासारखा पिवळा.

भांडण आम्ही पोचायच्या आधीच पेटलेलं.
ब्याडगीहून मिरची आणलेला बसलिंगप्पा
पावती खिडकीच्या काचेला दाबून विचारत होता,
"हे अठरा का दहा?"

प्रत्येक ओळीच्या पोटातून
एक पांढरी रेघ आरपार गेलेली.
इंग्रजी आठाची कंबरच गायब,
शून्यालाही नेमकी तिथेच फट;
दोघं आता जुळे भाऊ, आईलाही न ओळखू येणारे.
डब्यावरचे लाल आकडे केव्हाच पुसले होते,
काट्यावर दुसरी गाडी चढली होती,
आणि वनिता म्हणत होती, "माझ्या तोंडावर विश्वास नाय का?"
नव्हता. आठ टनांचा प्रश्न होता.

कोयंडे सरांना मी रिक्षातून उतरवलं, स्टुलावर बसवलं.
त्यांनी डोळे मिटून एक ओळ ऐकली.
"चौ..." म्हणाले, अडकले,
मग डाव्या हाताची चार बोटं वर केली.

झाकण काढलं.
आत काय चालतं ते मला सरांनीच शिकवलं,
बोलता येत होतं तेव्हा:
संगणक अक्षर देतो, प्रिंटर म्हणतो थांब,
मग म्हणतो, हं, आण पुढचं.
आलेली अक्षरं बफरमध्ये मुकाट बसतात,
ओळ भरेस्तोवर कुणी हलत नाही.
मग ती चाळीस पायांची चिप रॉममध्ये बघते
आठ कसा काढायचा ते.
आठ म्हणजे किती हे तिला ठाऊक नसतं.
पाच उभ्या रांगा,
कुठल्या रांगेला कुणी ठोकायचं, कुणी गप्प राहायचं,
एवढंच.

पण चिपचा आवाज पाच व्होल्टचा,
कुजबुजीएवढा. कुजबुजीने लोखंड हलत नाही.
म्हणून मध्ये नऊ ट्रान्झिस्टर उभे,
ऐकलं की पस्तीस व्होल्टचं दार उघडणारे,
सेकंदाच्या तीन हजाराव्या भागापुरतं.
दार जास्त वेळ उघडं राहिलं तर कॉइल जळते,
कमी राहिलं तर सुई रिबनपर्यंत पोचतच नाही.
(डोकं तापलंय हे सांगणारा एक थर्मिस्टरही असतो;
मे महिन्यात वनिताचा प्रिंटर
तिच्यापेक्षा जास्त विश्रांती घेतो.)

मी मीटर लावला.
नऊही कॉइल ठणठणीत, रोध सारखा.
चौथी सुई बोटाने ढकलली, सहज गेली, सहज परतली.
मग चिपच्या पायाला प्रोब टेकवला,
छापायला सांगितलं,
आणि दिवा लुकलुकला.

हाक जात होती.
दर आठाला, दर शून्याला,
चिप चौथीला हाक मारत होती, न चुकता,
इतक्या आठवड्यांत एकदाही न कंटाळता.
तिच्या लेखी आठ पुरता होता.
मधला एक जण
ऐकत नव्हता, बस्स.

सरांकडे बघायचं मी टाळलं.
त्यांचा उजवा हात मांडीवर होता,
दोन दिवाळ्या झाल्या, तिथेच आहे.

वाशीच्या एका बंद पडलेल्या बँकेचा बोर्ड
मी पिशवीत घेऊन फिरतो, सुट्या भागांसाठी.
त्यातला एक ट्रान्झिस्टर उपटला, इथे डाखला.
लाइन फीडचं बटण दाबून धरत स्विच चालू केला:
प्रिंटर स्वतःशीच सगळी अक्षरं म्हणू लागला,
एक ओळ जाताना, दुसरी परत येताना उलटी,
शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे.
वाचणाऱ्याला हे कधी कळत नाही.

"अठरा," बसलिंगप्पा म्हणाला,
नवी पावती दोनदा घडी घालून बनियनच्या खिशात,
आणि जुनी? जुनी त्याने फाडली नाही,
तीही ठेवली. असू दे म्हणाला.

निघताना बघतो तर मेलेला ट्रान्झिस्टर
टेबलावर नव्हता.
सरांनी डाव्या हाताने तो उचलून
शर्टाच्या खिशात टाकला होता.
रिक्षात, सानपाड्याच्या पुलावर,
ते खिसा चाचपत होते.